जीवनसत्त्व के आणि रक्तस्राव : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात नुकतंच बाळ आलेली कुटुंबं, आशाताई आणि आरोग्यसेविका, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे रुग्ण आणि पोषणाचा अभ्यास करणारे विद्यार्थी यांच्याकडून येणारे हे प्रश्न आहेत. डोसचे आकडे दिले आहेत ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. ते वाचून घरी उपचार करू नयेत.

के नसलं तर रक्त का थांबत नाही?

रक्त गोठवणारी बरीच प्रथिनं यकृतात तयार होतात. त्यातल्या २, ७, ९ आणि १० क्रमांकाच्या घटकांवर शेवटचा हात फिरवायला जीवनसत्त्व के लागतं. तो फिरला तरच त्यांना कॅल्शियम पकडता येतं आणि जखमेच्या जागी चिकटून काम करता येतं. के कमी पडलं तरी यकृत ही प्रथिनं बनवतंच, पण अर्धवट आणि बिनकामाची. त्यामुळे प्लेटलेट चांगल्या असतात, हिमोग्लोबिन ठीक असतं आणि तरीही सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत राहतं.

यातला ७ क्रमांकाचा घटक सगळ्यात अल्पायुषी. दर सहा तासांत तो साधारण निम्मा होतो. म्हणून कमतरतेत पीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ती तपासणी) आधी बिघडते, तशीच दुसरी तपासणी एपीटीटी मागाहून. कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांना १९२९च्या सुमारास चरबीविरहित खाद्यावरच्या कोंबडीच्या पिलांमध्ये हा रक्तस्राव दिसला. १९४३चं नोबेल त्यांना आणि एडवर्ड डॉइझी यांना मिळालं.

आमचं जेवण भात, मासे आणि नारळ. त्यातून के मिळतं का?

या तिघांतून जवळजवळ नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात खोबरेल तेलात १०० ग्रॅममागे ०.६ मायक्रोग्रॅम के आहे, ओल्या खोबऱ्यात त्याहून कमी. भात आणि मासेही शून्याच्याच आसपास. त्याच तक्त्यात कच्च्या पालकात सुमारे ४८०, कोथिंबिरीत ३१०, अळूच्या पानांत ११०, कोबीत ७६, आणि माठाच्या जातीच्या पानांत हजाराच्या वर. तेलांमध्ये सोयाबीन तेल पुढे, सुमारे १८०. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेची शिफारस पुरुषांना दिवसाला ६५ आणि स्त्रियांना ५५ मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेची १२० आणि ९०. म्हणजे लाल माठाची वाटीभर भाजी झाली की त्या दिवसाची चिंता मिटली.

शिजवल्याने के फारसं नासत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे टाकळ्याचं पाणी पिळून टाकलं तरी बहुतेक के भाजीतच राहतं. उजेडाने मात्र नासतं, म्हणून तेलाची पारदर्शक बाटली खिडकीत ठेवू नये. पानातलं के आतड्यात शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतो. अळूच्या फतफत्यात शेंगदाणे आणि फोडणी असते, शेवग्याच्या पाल्यात खोबरं असतं, तेवढं पुरतं. बिनतेलाची उकडलेली पालेभाजी हा आजारी माणसाला दिला जाणारा प्रकार के च्या दृष्टीने वाया जाणारा.

उन्हाळ्यात पालेभाजी मिळत नाही. तेव्हा कमतरता होते का?

पावसाळ्यात टाकळा, भारंगी, फोडशी, अळू यांची चंगळ आणि एप्रिल-मेमध्ये ताट कोरडं, हे खरं आहे. रक्तातली के ची पातळी त्याप्रमाणे खालीवर होते, कारण शरीरात साठा थोडाच असतो. पण निरोगी मोठ्या माणसाला एवढ्याने रक्तस्राव होत नाही. वापरलेलं के शरीर पुन्हा पुन्हा कामाला लावतं, आणि आतड्यातले जिवाणूही थोडं बनवतात. परसात माठ नाही तर निदान कोथिंबीर सढळ हाताने घालावी.

मग मोठ्या माणसाला खरी कमतरता कधी होते?

बहुतेक वेळा तीनपैकी दोन गोष्टी एकत्र आल्यावर: खाणं बंद, पित्त अडलेलं, अँटिबायोटिक चालू. पित्तनळीत खडा अडकून कावीळ झाली की आतड्यात पित्त पोहोचत नाही आणि पित्ताशिवाय के शोषलं जात नाही. त्याच रुग्णाला आठवडाभर सलाईन आणि सेफोपेराझोनसारखं अँटिबायोटिक दिलं, तर पीटी वाढायला फार दिवस लागत नाहीत. हे औषध जिवाणू मारतंच, शिवाय के पुन्हा वापरात आणणारी साखळीही रोखतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पीटी वाढलेला दिसतो आणि यकृत गेलं म्हणून घरचे घाबरतात. अशा वेळी शिरेतून सावकाश १० मिग्रॅ के देऊन सहा ते चोवीस तासांनी पीटी पुन्हा पाहतात. सुधारला तर कमतरता होती. जागचा हलला नाही तर दोष यकृताचाच.

रक्त गोठत नसलेल्या रुग्णाला के स्नायूत टोचू नये, तिथेच रक्ताची गाठ धरते. शिरेतूनही घाईने नको. क्वचित तीव्र ॲलर्जी येते, म्हणून सलाईनमध्ये मिसळून, मिनिटाला १ मिग्रॅपेक्षा जास्त वेग न ठेवता देतात.

जन्मल्या जन्मल्या बाळाला के चं इंजेक्शन कशाला? बाळ तर धडधाकट आहे.

धडधाकट बाळाकडेही के चा साठा नसल्यात जमा असतो. आईच्या वारेतून ते फारच थोडं पलीकडे जातं, नवजात आतड्यात जिवाणू नसतात, आणि आईच्या दुधात लिटरमागे साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅमच के असतं. पावडरच्या दुधात ते मुद्दाम घातलेलं असतं, लिटरला ५०च्या आसपास. म्हणून पावडरचं दूध द्यावं असा याचा अर्थ मुळीच नाही. आईचं दूधच द्यावं आणि ही एक उणीव इंजेक्शनने भरावी.

इंजेक्शन चुकलं तर रक्तस्राव तीन वेळांना होऊ शकतो. पहिल्या २४ तासांत, तो बहुधा आई फिट्सच्या किंवा क्षयाच्या काही गोळ्यांवर असेल तर. दुसऱ्या ते सातव्या दिवसात, नाळेतून, शौचातून, नाकातून. आणि तिसरा उशिराचा, दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत, बहुतेकदा निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळात. हा तिसरा सगळ्यात वाईट: अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांना मेंदूत रक्तस्राव होतो. इंजेक्शन न मिळालेल्या एक लाख बाळांत हे साधारण ४ ते ७ जणांना होतं. आकडा लहान वाटतो, पण वाचलेल्यांतल्या अनेकांना झटके आणि अपंगत्व जन्मभर राहतं.

त्याआधी कधी कधी खुणा दिसतात: नाकातून एखादा थेंब, अंगावर निळसर डाग, नाळ पडल्यावरही ओलसर रक्त. «उष्णता झाली» म्हणून या खुणा सोडून देऊ नयेत. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डोस किती, कुठे, कधी? आणि चुका कुठे होतात?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या सूचनांप्रमाणे १,००० ग्रॅम किंवा जास्त वजनाच्या बाळाला १ मिग्रॅ, त्याहून कमी वजनाला ०.५ मिग्रॅ, एकदाच, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात स्नायूत, पहिल्या २४ तासांच्या आत. पहिला तास बाळ आईच्या छातीशी असावं, दूध ओढू द्यावं, मग टोचावं.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली ॲम्प्यूलची. १ मिग्रॅ ०.५ मिलीत असलेली छोटी ॲम्प्यूल बाळाची. १ मिलीत १० मिग्रॅ असलेली मोठ्यांची. मोठीच हाताशी असेल तर ०.१ मिली घ्यायचं असतं, आणि घाईत ते १ मिली झालं की दहापट डोस. १ मिलीची बारीक खुणांची सिरिंज नसेल तर ०.१ मिली मोजणं हा अंदाजपंचेच कारभार. प्रसूतिगृहाने छोट्या ॲम्प्यूल मागवलेल्या बऱ्या.

दुसरी चूक प्रकाराची. लेबलवर फायटोमेनाडायोन किंवा फायटोनाडायोन, म्हणजे के१, लिहिलेलं हवं. मेनाडायोन, म्हणजे के३, नवजात बाळात तांबड्या पेशी फोडू शकतं आणि कावीळ वाढवतं. जी६पीडी हे तांबड्या पेशी जपणारं एन्झाइम कमी असलेल्या बाळात तर जास्तच.

तिसरी चूक सगळ्यात भयंकर. आईचा रक्तस्राव थांबवायला काढून ठेवलेलं मेथर्जिन बाळाला टोचलं गेल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. त्यात बाळाचा श्वास थांबतो, झटके येतात. उपाय साधा आहे: आईचा ट्रे वेगळा, बाळाचा वेगळा, आणि बाळाच्या ट्रेमध्ये मेथर्जिन कधीच नाही. दोन्ही औषधं उजेडापासून जपायची म्हणून एकाच काळोख्या कप्प्यात जाऊन बसतात, तिथेच घोळ होतो.

चौथी नोंदीची. घरचे सांगतात, «सगळी इंजेक्शनं झाली.» बीसीजी आणि हिपॅटायटिस बी या लसी, के ही लस नव्हे. डिस्चार्ज कार्डावर के, डोस, तारीख, वेळ असं वेगळं लिहून घ्यावं. कार्डावर नसेल आणि कोणाला आठवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञ पुन्हा १ मिग्रॅ देऊ शकतात. के१चा एक जादा डोस बाळाला अपाय करत नाही.

बाळंतपण घरीच झालं, वाटेत झालं, किंवा आंब्याच्या बागेतल्या मजुरांच्या वस्तीवर झालं तर?

शक्य तितक्या लवकर, पहिल्या दिवशीच, बाळ प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन इंजेक्शन घ्यावं. दिवस उलटून गेला तरी न्यावं. उशिराच्या रक्तस्रावाचा धोका पुढे असतोच.

टोचण्याऐवजी तोंडाने थेंब चालतील का?

युरोपात जिथे पालक इंजेक्शनला नकार देतात तिथे २ मिग्रॅ तीनदा देतात: जन्मतः, ४ ते ६ दिवसांनी आणि ४ ते ६ आठवड्यांनी. अडचण दोन. तिसरा डोस माहेराहून सासरी जाण्याच्या गडबडीत हमखास राहतो. आणि ज्या बाळाच्या पित्तनळ्या बंद आहेत त्याच्या पोटातून के शोषलंच जात नाही, म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज तेच उघडं पडतं. नेदरलँड्समध्ये रोजच्या २५ मायक्रोग्रॅम थेंबांनी अशी बाळं वाचेनात म्हणून २०११ मध्ये मात्रा १५० केली, तरी संरक्षण पुरेसं झालं नाही. स्नायूत टोचलेलं के तिथेच साठून हळूहळू सुटत राहतं, तोंडाने घेतलेल्याचं तसं होत नाही.

आईने पालेभाजी खाऊन दुधातलं के पुरेसं वाढत नाही, बाळगुटीत तर ते नसतंच. काही घरांत बाळंतिणीला पालेभाजी वर्ज्य करतात. तिच्या स्वतःच्या लोहासाठी आणि पोटासाठी ती खाऊ द्यावी.

या इंजेक्शनने कॅन्सर होतो असं वाचलं.

१९९२ मध्ये ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात तसा संशय आला होता. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. जुनी बातमी नव्या तारखेने फिरते, एवढंच.

बाराव्या दिवशी कान टोचायचे आहेत. चालेल?

आधी कार्ड बघा. के दिल्याची नोंद असेल, नाळ कोरडी असेल, अंगावर डाग नसतील तर सोनाराकडे जायला हरकत नाही. सुई मात्र निर्जंतुक हवी. नोंद नसेल तर बारसं करा, कान नंतर टोचा. सुंतेलाही हेच लागू. के देऊनही छोट्या जखमेतून तासन्‌तास रक्त येत राहिलं तर हिमोफिलियाची, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी लागते, घरात मामाला वगैरे तसा त्रास असेल तर नक्कीच.

बाळाची कावीळ दोन आठवडे झाले तरी उतरत नाही. याचा के शी संबंध?

असू शकतो. शौचाचा रंग बघा. पिवळी किंवा हिरवट असेल तर बरं. पांढरट, चुना कालवल्यासारखी असेल आणि लघवीचे डाग लंगोटावर पिवळे राहत असतील, तर पित्त अडलंय. उन्हात धरत बसू नका. पित्तनळ्या बंद असतील तर त्यावरचं ऑपरेशन (कासाई या जपानी सर्जनच्या नावाचं) बाळ ६० दिवसांचं होण्याआधी झालं तर यशाची शक्यता चांगली राहते. अशा बाळाला जन्माचं इंजेक्शन मिळालं असलं तरी के पुन्हा द्यावं लागतं, सोबत ए, डी आणि ई सुद्धा, कारण ही चारही जीवनसत्त्वं पित्ताच्याच वाटेने जातात.

मी हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ करायची गोळी घेतो. पालेभाजी बंद करू का?

नको. वॉरफॅरिन आणि ॲसेनोकुमारॉल या गोळ्या के पुन्हा वापरात आणणारं एन्झाइम अडवतात. डोस ठरतो तो तुमच्या नेहमीच्या जेवणाला धरून. भाजी तोडली तर के चा आधार इतका पातळ होतो की एका दिवसाच्या फरकानेही आयएनआर (पीटीवरून काढलेला, रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) हेलकावे खातो. २००७च्या एका ब्रिटिश अभ्यासात ज्यांचा आयएनआर विनाकारण वरखाली होत होता त्यांना रोज १५० मायक्रोग्रॅम के दिलं, तर तो अधिक स्थिर झाला.

त्यामुळे नियम एकच: बारमाही सारखं. आठवड्यातून तीनदा पालेभाजी खात असाल तर तीनदाच. गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी एकदा खाल्ली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते महिनाभर चालणाऱ्या बदलाने. श्रावणात मासे बंद आणि रोज रानभाजी सुरू झाली, तर आयएनआर खाली येऊन झडपेवर गुठळी धरण्याचा धोका. उलट ताप आला, चार दिवस नुसती पेज, त्यात मेट्रोनिडाझोल किंवा को-ट्रायमॉक्साझोलसारखं अँटिबायोटिक सुरू झालं, तर आयएनआर भसकन वर. असा बदल झाला की पाच-सात दिवसांत तपासणी करावी. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नये.

बहुतेकांना आयएनआर २ ते ३ मध्ये लागतो, हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल जागी बसवलेल्या धातूच्या झडपेला २.५ ते ३.५. रक्तस्राव नसताना १०च्या वर गेला तर डॉक्टर गोळी थांबवून तोंडाने थोडं के देतात. जास्त दिलं तर पुढे काही दिवस गोळी लागूच पडत नाही.

नव्या गोळ्या, रिव्हारॉक्साबान वगैरे, भाजीच्या बंधनातून सोडवतात, पण धातूच्या झडपेला चालत नाहीत. संधिवातातून हृदय बिघडून ठोके अनियमित झालेल्या रुग्णांतही २०२२च्या इन्व्हिक्टस चाचणीत जुन्याच गोळ्या सरस ठरल्या. त्या चाचणीत भारतातले रुग्णही होते.

गावात फक्त रक्त काढतात, नमुना शहरात जातो. आकडा खरा येईल का?

निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं. रक्त आणि सायट्रेट ९ ला १ हवं, म्हणजे खुणेपर्यंत भरलेलं. अर्धी नळी भरली की सायट्रेट जास्त होतं आणि पीटी खोटाच वाढतो. भरल्यावर तीन-चार वेळा हळू उलटी-सुलटी करावी. गुठळी दिसली तर नमुना टाकून द्यावा. पीटीचा नमुना घट्ट झाकणात साध्या तापमानाला २४ तास टिकतो. बर्फावर ठेवू नये, थंडीने ७ क्रमांकाचा घटक जागा होतो आणि आकडा बिघडतो. मे महिन्यात एसटीच्या टपावरही टाकू नये. नवजात बाळाचं रक्त दाट असतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५५ टक्क्यांवर असेल तर सायट्रेट कमी करून घ्यावं लागतं, हे प्रयोगशाळेला आधी कळवावं.

फुरसं चावलं. के दिलं तर रक्त थांबेल?

नाही. फुरशाचं विष रक्त गोठवणारे घटक खाऊन संपवतं. तिथे के ची कमतरता नसतेच. लागते ती सापाच्या विषावरची लस. निदानाची चाचणी अगदी साधी: शिरेतलं २ मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरपं करायचं. रक्त वाहिलं तर विष अंगात पसरलंय. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चाचणी फसते. लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा करतात.

नारळावर ठेवलेलं उंदराचं औषध पोराने तोंडात घातलं.

पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखान्यात. माडाच्या शेंड्यावर ठेवतात त्या मेणासारख्या वड्यांत बहुधा ०.००५ टक्के ब्रोमाडायोलोन असतं, वॉरफॅरिनचंच जास्त टिकाऊ भावंड. नुसतं चाटल्याने सहसा विषबाधा होत नाही, पण पीटी दोन दिवसांनी बघावा लागतो, कारण आधीचे घटक संपेपर्यंत तो नॉर्मल येतो. तोवर उगाच के दिलं तर बिघाड झाकला जातो. विष खरंच भिनलं असेल तर मोठ्या मात्रेत के१ कित्येक आठवडे, कधी महिनेही द्यावं लागतं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट किंवा झिंक फॉस्फाइडची काळी पूड असेल तर प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर, के त्याचा उतारा नाही. म्हणून पाकीट हवं.

हाडांसाठी, हृदयासाठी के२च्या गोळ्या घ्याव्यात का?

सरसकट नाही. हाडातल्या ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनाला आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसू न देणाऱ्या एका प्रथिनाला के लागतं, हे पक्कं आहे. पण गोळीने रक्तातली खूण सुधारणं वेगळं आणि हाड मोडायचं वाचणं वेगळं. कॅनडात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाळी गेलेल्या ४४० स्त्रियांना रोज ५ मिग्रॅ के१ दिलं, हाडांची घनता घटायची थांबली नाही. डेन्मार्कमध्ये २०२२च्या चाचणीत वयस्क पुरुषांना दोन वर्षं एमके-७ (के२चा एक प्रकार) रोज ७२० मायक्रोग्रॅम दिलं, हृदयाच्या झडपेतलं कॅल्शियम तसंच वाढलं. जपानात एमके-४ (के२चाच दुसरा प्रकार) रोज ४५ मिग्रॅ हे ठिसूळ हाडांवरचं मान्य औषध आहे, पण ती मात्रा आहारातल्या के च्या शेकडो पट. रात्री पोटऱ्यांत येणाऱ्या पेटक्यांवर एमके-७चा उपयोग २०२४च्या चिनी चाचणीत दिसला. ती लहान होती, अजून बघावं लागेल. वॉरफॅरिनवाल्यांनी या गोळ्या डॉक्टरांना न सांगता सुरू करू नयेत.

कोकणात के ची कमतरता मोजायची तर अभ्यास कसा आखावा?

रक्तातलं के१ मोजणं मोहक आहे आणि फसवं. ते काल रात्रीच्या जेवणावर हलतं आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीबरोबर वाढतं. उपाशीपोटी नमुना घ्यावा, उजेडापासून झाकावा, ट्रायग्लिसराइड सोबत मोजावं. पिव्का-२, म्हणजे अर्धवट राहिलेला २ क्रमांकाचा घटक, पीटी बिघडण्याच्या बराच आधी वाढतो, तो जास्त भरवशाचा. आहाराची नोंद ऑगस्टमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा हवी. नुसत्या पावसाळी पाहणीत कोकण पालेभाज्यांचं नंदनवन दिसेल. टाकळा-भारंगीचे आकडे परक्या तक्त्यातून उसने घेण्यापेक्षा शिजलेल्या भाजीचा नमुनाच तपासावा, तेल किती पडलं तेही लिहावं.

किशोरींच्या पोषणावर रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणला दीर्घकालीन अभ्यास सुरू आहे. अशा गटात के ची मोजणी जोडणं नव्याने पाहणी उभी करण्यापेक्षा स्वस्त पडेल. नवजात बाळांत मात्र एका गटाला के न देता तुलना करणं नैतिकदृष्ट्या शक्य नाही. तिथे नाळेच्या रक्तातला पिव्का-२ आणि चुकलेल्या इंजेक्शनांची काटेकोर नोंद, एवढ्यावरच काम करावं लागतं.

व्हिटॅमिन ई च्या गोळ्यांनी के कमी होतं का?

४०० युनिटची एखादी गोळी निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही. रोज ८००-१,००० युनिटच्या पुढे गेलं, त्यात रक्त पातळ करायची गोळी असली, तर आयएनआर वाढू शकतो.